अजून अकरा दिवस

गायी मंगळवारी गेल्या.
ट्रकमध्ये चढताना एकीनंही मागं पाहिलं नाही.
फक्त बारा नंबरची, जिला रिन्स्के बाईसाहेब म्हणायची,
फळीवर मध्येच थांबली, मुतली, मग चढली.
तेवढाच तिचा निरोप.

तेव्हापासून पहाटे साडेचारला जाग येते
आणि करायला काही नसतं.
म्हणून चालतो.
चव्वेचाळीस वर्षं फ्रीसलंडच्या या एका गावात काढली,
पण रिकाम्या हातांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

गाव म्हणजे एक टेकाड.
बांध नव्हते तेव्हा कुणीकुणी
शेण, राख, चिखल, फुटकी मडकी टाकत टाकत
समुद्राच्या वर उचललेलं.
माथ्यावर चर्च, सव्वीस घरं, बंद पडलेली बेकरी.
खाली चहूकडं सपाट हिरवं,
आणि हिरव्यात आखलेले चर.
कुंपण इथं कुणी घालत नाही.
कुणाचं काय, ते पाणी सांगतं.

तिकडं सस्कॅचवानमध्ये
आम्ही घेतलेल्या जमिनीला एकही चर नाही.
कागदावर चौकोन आहे,
चौकोनाशेजारी दुसरा चौकोन.
दलाल फोनवर म्हणाला, पायी जाऊ नका, गाडीनं बघा.
मी विचारलं, पाणी कुठंय?
म्हणाला, वर. आलं तर.
रिन्स्के पोट धरून हसली.
माझं हसणं अजून बाकी आहे.

सगळं सावकाश खातोय सध्या.
शेजारच्या गावातून आणलेला साखरेचा पाव,
वितळून कडेला कडक झालेली साखर
दाढेखाली धरून ठेवतो, चावत नाही.
वाराही तसाच घेतो, तोंड उघडून:
आधी मीठ, मग मुरघासाचा आंबूस वास,
मग काहीतरी,
ज्याला नाव द्यायची वेळच आली नव्हती.

यिल्डाउ नऊ वर्षांची.
तिनं जॅमच्या बरणीत चराचं पाणी भरलं.
विमानात नेऊ देणार नाहीत, मी म्हटलं.
तिनं झाकण आणखी घट्ट केलं.
आता बरणी खिडकीत असते.
वर नितळ, तळाला बोटभर काळं.
रोज सकाळी ती ते हलवते
आणि बसायची वाट बघते.

काल उत्तरेच्या तुकड्यात टिटवी उठली,
डोक्यावरून ओरडत, पंख मोडल्याचं नाटक करत.
म्हणजे घरटं जवळच.
सापडलं: चार अंडी, टोकं आत वळवलेली,
मातीच्याच रंगाची माती.
दर वर्षीसारख्या दोन काड्या रोवल्या दोन्ही बाजूंना,
ट्रॅक्टर वळून जावा म्हणून.
मग आठवलं, ट्रॅक्टर आता हिडेचा.
तुकडाही हिडेचा.
काड्या तशाच ठेवल्या.

परत येताना गोठ्याच्या आढ्याला
बाबांची उडीची काठी दिसली, पाच मीटर लांब,
हाताच्या जागी गुळगुळीत झालेली.
खाली काढली. धूळही पुसली नाही.
सीमेच्या चराशी गेलो, या वयात, या गुडघ्यांनी,
काठी मधोमध टेकवली आणि सोडून दिलं स्वतःला.

मध्ये एक क्षण असतो.
काठी उभी,
ना इकडं वजन, ना तिकडं.
खाली तेच काळं पाणी, वर ढग,
चर्चचा बुटका मनोरा एका बाजूला कललेला.
लहानपणी तो क्षण चटकन जायचा.
काल तो
जरा थांबला.

मग पडलो पलीकडं, पार्श्वभागावर,
हिडेच्या बिटाच्या ओळीत.
तो तिथंच खुरपत होता. मान वर केली नाही.
जमीन विकल्यापासून आम्ही
किमतीशिवाय दुसरं काही बोललो नव्हतो.

"डावा पाय भिजला," म्हणाला.

मी खाली पाहिलं. भिजला होता.

"तुझा दर वेळी डावाच," म्हणाला,
आणि खुरपं बाजूला ठेवून
पाण्यात तिरकी अडकलेली काठी
माझ्यासाठी उपसून काढायला वाकला.