निरंक

चार्ज देताना मुंजाजी काकांनी मोजून दिलं:
पर्जन्यमापक एक,
काचेचं मापपात्र एक, काठाला टवका उडालेला,
वायरलेसचा संच (बंद; ऑडिटवाल्यांसाठी राखलेला),
आणि एकतीस वह्या.

पूर्णेच्या काठावर, लिंबाखाली बसून चाळल्या.
सकाळी साडेआठ. निरंक.
सकाळी साडेआठ. निरंक.
लातूरला रेल्वेनं पाणी गेलं त्या साली तर
पानामागून पान, त्याच निळ्या शाईत,
आणि कागदावर पडलेला थेंब एवढाच,
'र'च्या डोक्यावरचा.

मी म्हटलं, काका, आभाळ लख्ख दिसतंय तरी रोज जायचं?
"जायचं. नाही पडला, हेबी कुणीतरी वाकून बघावं लागतंय."

एका उन्हाळ्यात बाटलीत दोन मिलिमीटर निघालं.
त्यांनी वास घेतला,
कुंपणावरून डोकावणाऱ्या पोराला लिमलेटची गोळी दिली
नि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पोरगं.

बाविसाव्या वहीत मात्र अक्षर पळतं.
रात्री अकरा, बारा, एक. वरच्या धरणाचा विसर्ग वाढला.
दोन वाजता पट्टी बुडाली.
तिथून पुढं मोजमाप मारुतीच्या पायऱ्यांनी:
पाचवी गेली. सहावी ओली.
आणि समासात, आडवं:
पाच वाजता पाणी उंबऱ्याला लागेल. खालची आळी उठवली.
सव्वाशे माणसं, शेळ्या, चार दिवसांची बाळंतीण
अंधारातून शाळेत नेली, कुलूप दगडानं तोडून
(त्याचे पंचेचाळीस रुपये पुढं पगारातून कापले).

पाणी उंबऱ्याखाली चार बोटांवर आलं
आणि थांबलं.

सकाळी आळीनं जे सुनावलं ते वहीत नाही,
काकांनी तोंडी सांगितलं मला, हसत, एक शिवी गाळून.
वहीत फक्त: अंदाज चुकला, चार बोटं.
जीवितहानी निरंक.

आज माझा पहिला दिवस.
नरसाळ्यात लिंबाचं पिवळं पान, एक मुंगळा.
वाकले. पात्र डोळ्याच्या रेषेत धरलं, त्यांनी दाखवलं तसं.
खाली नदीत म्हशी, एक पट्टीला पाठ घासतेय.
लिहिलं.
माझा अनुस्वार अजून मोठा पडतो.