थंडीचे टायर, तुर्भे

आधी आवाज आला,
मग पिवळी गाडी, मग तो.
गाडीचं पोट जमिनीला टेकेल असं,
चाकं एकोणीस इंची, आणि त्यांवर रबर
पापडाच्या कडेएवढं.
म्हणाला, काकू, जानेवारीत काझाला जायचंय.
ह्याच गाडीनं.
इस्तियाकनं जॅक हातात तसाच धरून ठेवला.

मी कुणाला नाही म्हणत नाही.
कांदा-बटाटा मार्केटातला ट्रक असो की हे असलं,
टायर मागणारा कुठं जायचं ते ठरवूनच येतो.

तर बस. चहा घे. ऐक.
तुझं रबर उन्हाळ्याचं.
पामबीचला रात्री दोन वाजता तू जे करतोस
(मला सांगू नकोस, कॅमेऱ्यांना माहीत आहे)
त्यासाठी बनलेलं.
डिसेंबरात एखाद्या पहाटे बाटलीत खोबरेल गोठतं ना,
बाटली उन्हात ठेवून वेणीसाठी थांबावं लागतं,
तसं हे गोठतं, सात अंशांच्या खाली.
वरून कळत नाही.
स्टिअरिंग वळतं. गाडी वळत नाही.

आता हे बघ. नख रोव. गेलं ना आत?
न्हावाशेव्याच्या कंटेनरमधून चुकून आलेले चार,
दोन वर्षं वरच्या रॅकवर पावडर लावून ठेवलेत.
ब्लेडनं चिरल्यासारख्या ह्या बारीक रेघा,
कडेला तीन शिखरं आणि मधे हिमाची चांदणी.
इस्तियाकला वाटायचं कुठल्या देवस्थानाचा शिक्का आहे.

पण हे अठराचे.
त्याचा चेहरा पडला. एकोणीसच हवेत, शोभतात.
शोभू दे इथं.
चाक लहान, रबर जाड, म्हणजे खड्ड्यात रिम वाचते.
आणि रुंद नको. बर्फात रुंद पाऊल तरंगतं,
अरुंद टाच रुतते.
अडचण एकच, तुझे ब्रेक परातीएवढे.
बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला,
रिमच्या पोटाच्या मापाचा,
आणि ब्रेकवर धरला.
करंगळी जाईल एवढी फट राहिली.
पुरे.

रिम कुर्ल्याहून आल्या, जुन्या, चंदेरी.
त्याला काळ्या हव्या होत्या.
म्हटलं, चिखलात सगळ्या सारख्याच.
इथून घालून निघू नकोस,
नाशिक येईतो खोडरबर होईल त्यांचं.
ट्रान्सपोर्टनं पाठव.
रामपूरला पूरण ठाकूर म्हणून आहेत,
अकरा वर्षांची ओळख, सगळी फोनवरची,
तोंड पाहिलेलं नाही. ते चढवतील.
शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळ.
थंडीत हवा आक्रसते, सकाळी मोज,
चाक गार असताना.

पावतीसाठी नाव विचारलं.
निहार.
म्हणजे काय रे?
दव, धुकं... बर्फसुद्धा असेल, म्हणाला,
आईला विचारायला हवं.

फेब्रुवारीत आला. पुढची हनुवटी फुटलेली,
डिकीत आणि मागच्या सीटवर चारही टायर,
परत रॅकवर ठेवायला.
पोचलास?
नाकोहून वळलो.
पुढं काहीच दिसत नव्हतं.
बूट पाहत बोलला, हरल्यासारखा.
म्हटलं, वळता आलं ना?
मग टायरचे पैसे वसूल.

तो गेल्यावर स्टूल घेऊन बसले,
स्क्रूड्रायव्हरनं खाचांतले खडे काढत.
मसाला मार्केटकडून मिरचीचा वारा येत होता,
पंखा चारवर.
एक खडा निघाला, अभ्रकाचा, चकाकणारा.
बर्फ आहे का? इस्तियाकनं विचारलं.
नाही रे.
तरी तळहातावर घेऊन पाहिला थोडा वेळ.
मग व्हॉल्व्हच्या टोप्यांच्या डब्यात टाकला.