बॅरल भरेपर्यंत

डॉक्टरांनी चाला म्हटलं होतं.
पळा असं कुणीच म्हटलं नव्हतं,
ते माझं मीच.

श्रीहरी रात्रपाळीहून साडेसातला येतो.
तोवर भाकरी, पोराचा डबा, सासूबाईंची बीपीची गोळी.
आणि या सगळ्याच्या आधी,
टॉवेल कापल्यावर काठाला चिंधी उरते तशी
छत्तीस मिनिटं उरतात.

छत्तीस मिनिटांत
अक्कलकोट रोडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येते.
ओढणी कमरेला, पायात पोराचे जुने बूट,
पुढे कापूस कोंबलेले.
घराघरातून माग सुरू असतात त्या वेळीही,
खटक खटक, खटक खटक.
पाऊल त्या ठेक्यात पडू लागलं
की मी मुद्दाम चुकवते.
तो ठेका दिवसभर आहेच की.

कारखान्यात मी वार्पिंगला.
काउंटरवर मीटर बघत उभं राहायचं,
धागा तुटला की थांबवायचं, गाठ मारायची,
पुन्हा सुरू.
दोन हजार मीटरचे तीन बीम, रोज.
म्हणजे सूत दिवसाला सहा किलोमीटर जातं
आणि मी पाच.
अजून एक किलोमीटर पुढे आहे ते माझ्या.

जानेवारीतल्या एकवीसचा फॉर्म भरलाय.
दुधनीकर साहेबांना रजा मागितली तर म्हणाले,
रविवारच आहे की तो, रजा कशाला?
मी म्हटलं, रविवारची नाही, सोमवारची.
पळणाऱ्यांना टॉवेल देणार आहेत म्हणे.
आमच्याच कारखान्याचा निघाला
तर मी गाठ ओळखीन.

आता एकवीसला जायचं तर रविवारी लांब पळायला हवं.
आणि पाणी चार दिवसांआड.
वार फिरत फिरत नेमका रविवारवर येऊन बसला,
पहाटे चार ते सहा.
नळ सोडून चौदा किलोमीटर लांब कोण जाईल?
चार दिवस घरातली सात माणसं काय पितील,
माझा घाम?

म्हणून गल्लीतच.
आमच्या दारापासून डीपीपर्यंत नव्वद मीटर.
कारखान्याच्या टेपने मोजलेत.
जाऊन येऊन एकशे ऐंशी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर फेऱ्या.
उंबऱ्यावर चिंचोक्यांची वाटी,
दर फेरीला एक उचलून रिकाम्या डब्यात टाकायचा.
बॅरल, घागरी, मग टाकीची पाइप,
मग सासूबाईंची तांब्याची कळशी, ती शेवटी,
तिला उकळलेलं लागतं तरी ती शेवटी.

पहिल्या रविवारी मल्लव्वा नळाशी बसून बघत राहिली.
दहाव्या फेरीला म्हणाली,
काय हरवलंय गं अंबुजा?
काही नाही.
मग एवढं शोधतीस काय?
मी डीपीपर्यंत जाऊन परत आले
तरी उत्तर सापडलं नव्हतं.
पुढच्या फेरीत म्हटलं, सापडलं की सांगते.

दुसऱ्या पाण्याला तिने काही विचारलं नाही.
बॅरल काठोकाठ आला तेव्हा मी डीपीजवळ होते.
पळत सुटले, म्हणजे होते त्याहून जास्त,
तर मल्लव्वाने पाइप काढून
माझ्या घागरीत सोडलेली.
तुझं तू कर, म्हणाली,
पाण्याचं मी बघते.

सहाला नळ खोकला.
हवा, थुंकी, हवा, आणि संपलं.
मी डब्यातले चिंचोके मोजले: चौसष्ट.
चौदा उरल्या, उद्या करीन, म्हणत बूट सोडायला वाकले
तर मल्लव्वा कनवटीच्या चुन्याच्या डबीवर
नखाने ओढलेल्या रेघा दाखवत म्हणाली,
एकसष्ट.

एका घागरीच्या वेळी तू दोन टाकलेस,
आणि पोराला हाक मारताना एक.
मी बघत होते.

खरं तर मलाही वाटत होतं.

श्रीहरी कोपऱ्यावर दिसला, सायकल हातात,
केसांत कापसाची पिंज,
आज लवकर.
मी बुटाची नाडी पुन्हा बांधली.
भाकरीचं पीठ मळून ठेवलंय, त्याला सांगितलं,
तवा तेवढा चढव.
सतरा राहिल्यात.