टोकन दोनशे चौदा

आमच्याकडे नाताळ सप्टेंबरात लागतो.
एक तारखेला मॉलच्या स्पीकरमध्ये घंटा किणकिणू लागतात
आणि मग चार महिने थांबत नाहीत.
इलोइलोच्या उकाड्यात कापसाचा बर्फ
सरकत्या जिन्याच्या कडेला धूळ खात बसतो.

मी तळमजल्यावर, भेटी बांधायच्या काउंटरला.
एका खोक्याला चाळीस पेसो, रिबीन वेगळी.
चिकटपट्टी दातांनी तोडायची नाही,
हे सुपरवायझर फेलिसिदाद बाईंनी लिहूनच लावलंय.
झोपेतही माझे हात दुमडत असतात.
आई सांगते, परवा रात्री मी उशीच बांधून ठेवली.

डिसेंबरचा जादा पगार आला, गेला.
धाकट्याच्या जहाजावरच्या नोकरीचं कर्ज, छपराचे पत्रे,
आणि मला निनांग म्हणणारी अकरा धर्मलेकरं.
बाप्तिस्म्याला मेणबत्ती धरली तेव्हा कुणी बोललं नव्हतं
की पुढे दरवर्षी अकरा पाकिटं धरावी लागतील.

पहाटे चारला मिसा. नऊ पहाटा, एकही न चुकवता.
नऊ पुऱ्या झाल्या की मागितलेलं मिळतं म्हणतात.
पाचव्या पहाटेला मी उभ्या उभ्या झोपले.
जाग आली तेव्हा सगळे गुडघ्यांवर,
मी एकटी उभी, वेदीकडे तोंड करून,
तक्रार घेऊन आल्यासारखी.
होतीच म्हणा तक्रार.
पण मागायचं काय, तेच आठवेना.
बाहेर आल्याचा चहा प्यायले. बिबिंगका घेतली नाही,
वीस पेसो वाचले.

तेवीस तारखेची दुपार. रांग जिन्यापर्यंत.
टोकन दोनशे चौदा:
आमच्या चॅपलचे म्हातारे सॅक्रिस्टन एलूतेरियो,
निथळत, बगलेत वर्तमानपत्राचं गाठोडं.
गव्हाणीतलं बाळ होतं ते.
डाव्या हाताची दोन बोटं उंदराने नेली होती,
वरच्या मजल्यावरच्या चपला सांधणाऱ्याने नवी बसवली,
जरा जाडच झाली, डिंकाचा वास येणारी.
"बाहेर पाऊस आहे, पोरी. रंग जाईल. नीट बांध."

लाल की सोनेरी, मी विचारलं. सवयीने.
मशीनने विचारलं, वस्तूचा प्रकार:
खेळणी, भांडी, गृहसजावट, इतर.
माझं बोट चौघांवरून फिरलं आणि हवेतच राहिलं.
मागे दोनशे पंधरा खोकली.

मापाचं खोकं सापडेना.
मिक्सरच्या खोक्यात पाय मावेनात,
बुटांच्या खोक्यात डोकं.
छतापर्यंत रचलेली खोकी,
आणि एकातही जागा नाही.

मग मी एप्रन सोडला. निळा, खिशावर मॉलची चांदणी.
टेबलावर पसरला, बाळ मधोमध ठेवलं,
खालचं टोक पायांवरून वर, डावं उजव्याखाली,
उजवं पाठीमागून.
हे दुमडणं काउंटरवरचं नव्हतं.
आई तापाने पडली तेव्हा, नऊ वर्षांची असताना,
याच धाकट्यावर शिकले होते,
ज्याचे हप्ते आता भरते.
बाळंतं घट्ट नको, सैलही नको.
किती दिवसांनी हात घाई करेनात.

उजेड वगैरे काही पडला नाही.
स्पीकर तेच वाजवत होता.
फक्त दोनशे पंधरा, काखेत टोस्टर धरलेली,
पुढे वाकून म्हणाली,
"मान धर गं."
मी मान धरली.

एप्रनचे दीडशे पेसो पगारातून कापले.
फेलिसिदाद बाईंनी "हरवला" असं लिहिलं, मी सही केली.

मध्यरात्रीच्या मिसेनंतर गव्हाणीपाशी गेले.
एप्रन तसाच होता. चांदणी बाळाच्या पोटावर,
आणि हनुवटीखाली चिकटपट्टीचा तुकडा.
मी कधी लावला, देव जाणे.
फादरांनी नखाने काढून पाहिला असावा,
एक कोपरा उचकटलेला होता.

अकरांतली सर्वांत धाकटी, लियोनोरा, माझा स्कर्ट ओढत होती.
पाकीट तिने आधीच उघडून पाहिलं होतं, वीस पेसो.
"निनांग," ती म्हणाली, "हे बांधलेलं कुणाला आहे?"
मी तिला कडेवर घेतलं,
नीट दिसावं म्हणून.