पहिले दोन आटे कोरडे

नखाएवढी चिंधी निघाली, पांढरी.
तेलाच्या बारीक भोकात तोंड खुपसून बसलेली.
तिच्यापायी तामलवाडीच्या अलीकडं टर्बोनं जीव सोडला:
आधी शिट्टी, मग किरकिर, मग निळा धूर.
वीरेश हत्तुरेनं गाडी टेम्पोमागं बांधून आणली
आणि एक शब्द बोलला नाही.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चिंधी माझीच.
नळाला लावतात ती टेप, वीस रुपयांची,
मीच गुंडाळलेली घाईत, अगदी पहिल्या आट्यापासून,
तोंडाबाहेर लोंबेल इतकी.

आता पुन्हा तीच एस्टीम.
अक्कलकोट रोडची शेड, रात्रीचे साडेनऊ,
पत्रा अजून दुपारच ओकतोय.
फिटिंगा पेपरवर मांडल्यात,
आणि मी ठरवत बसलोय कुणाला काय.

निमुळत्या आट्यांना काहीतरी लागतंच.
कितीही आवळा, शेंड्यापासून बुडापर्यंत
एक गोल वाट राहते गोगलगायीच्या घरासारखी,
आणि तेलाला ती अंधारातही सापडते.
पेट्रोलच्या लायनीला असलं हवं जे पेट्रोलमध्ये विरघळणार नाही.
प्रेशरच्या सेन्सरला फार बेतानं;
त्याची अर्थिंग आट्यांतूनच जाते,
सगळंच बुजवलं तर काटा मेल्यासारखा पडून राहील
आणि वीरेश भर रस्त्यात इंजिन बंद करेल, विनाकारण.

नायना डबा घेऊन आले. भाकरी, शेंगाचटणी, कांदा.
पेपरवरचा पसारा बघून म्हणाले, "दारम गुंडाळ की.
मिलमध्ये वाफेच्या पाइपांना आम्ही सूत आणि सफेदाच लावायचो."
सूत जळेल नायना, इथं तेल एकशेवीसवर जातं.
"मग आमच्या वाफेला काय थंडी वाजत होती?"

मी ट्यूब दाखवली.
उलट्या खोपडीचं औषध आहे, म्हटलं:
हवेत ठेवलं तर पातळच राहतं.
हवा तुटली, चारी बाजूंनी धातूनं दाबलं,
की मग घट्ट होतं.
"तुझी आत्या," नायना म्हणाले, आणि कांदा फोडला.

आटे धुतले. वाळवले. परत धुतले.
पहिले दोन कोरडे सोडले.
तिथं जे लावाल ते आत जातं,
आत गेलेलं परत मागता येत नाही.
तिसऱ्यापासून गोल फिरवून एक पातळ रेघ.
मग हातानं, मग पान्यानं, मग थांबायचं.
कुठं थांबायचं हे पुस्तकात आकड्यानं लिहिलंय,
पण जुनं ॲल्युमिनियम पुस्तक वाचत नाही.
कुरकुरतही नाही. सरळ तडकतं.

शेवटी निळ्या नटाचं फिटिंग उरलं, तोंड फनेलसारखं.
नायनांनी उचलून दिव्यापाशी धरलं.
"याला?"
याला काही नाही.
"काहीच?"
नटाला तेलाचा एक थेंब, नीट फिरावा म्हणून.
याचे आटे फक्त ओढतात.
अडवतं ते तोंड: उताराला उतार भिडतो,
मध्ये काही घातलं तर उलट गळतं.

ते बराच वेळ फिरवत राहिले ते.
चालत्या मागावर तुटलेला धागा सांधणारी ती बोटं,
अंगठ्याला अजून खाच आहे,
गाठ कापडात दिसली तर पगार कापायचे तेव्हा.
काही बोलले नाहीत. डबा बंद केला.

मग चोवीस तास. हे खरं अवघड काम.
वीरेशचे चार फोन. झालं का, झालं का.
झालंय, पण व्हायचंय, असं कसं सांगायचं?

दुसऱ्या रात्री चावी फिरवली.
तेल चढलं, काटा चढला,
शेडचा पत्रा थरथरला, शेजारच्या चादरीच्या कारखान्यातलं
एक पोरगं दारात येऊन उभं राहिलं.
मी टॉर्च शोधत होतो.
तोवर नायना वाकले, दिव्याबिव्याशिवाय,
सांध्याखालून बोट फिरवलं
जसं ते गाठ शोधायला कापडावर फिरवायचे,
आणि बोट माझ्या सदऱ्याला पुसलं.

सदरा पांढरा होता.
मी खाली बघितलं.