ओले हात

बुएनोस आयरेसमध्ये पिझ्झा उभ्यानंच खातात,
निदान शुक्रवारी, निदान आम्ही.
ओस्वाल्दो तुकडा सरकवतो : कांदा पार काठापर्यंत,
चीजचा धागा तुटता तुटत नाही,
वर हरभऱ्याच्या पिठाची खमंग पोळी.

नेलिदा आधी खात नाही. आधी बघते.
पेंग्विनच्या आकाराचा वाइनचा जग
चोचीतून ओततो, थेंब सांडत नाही.
"मान बघ," म्हणते, "मान जमलीय."
खोक्यातलं तीन पायांचं प्लास्टिकचं टेबल
पुसून पर्समध्ये टाकते,
नातीच्या बाहुल्यांकडे आता अशी अकरा.
संगमरवरी कट्ट्याला कोपरांनी पाडलेला खळगा
तिला सगळ्यात आवडतो.
त्याचा आराखडा कुणीच काढला नव्हता.

मग ती हात धुवायला जाते.
बराच वेळ पाण्याचा आवाज.
एकतीस वर्षं नळांच्या कारखान्यात
ती तोट्या रेखाटायची,
हे मला ओस्वाल्दोनं सांगितलं. तिनं नाही.

बाहेर येते. ओले हात,
चेहरा कुणी भेटल्यासारखा.
कागदी रुमाल ओढते. एक, दोन, चार.
पाणी तसंच, नुसतं इकडून तिकडे.
"हा," ती म्हणते, "माझा नव्हे."
आणि गार झालेला तुकडा उचलते.