शिवडी, चौदा अंश

निफाडहून नणंद फोनवर हसते :
"चौदा? आणि याला तुम्ही थंडी म्हणता, वहिनी?
आमच्याकडे द्राक्षाच्या पानांवर दव गोठलंय,
रात्रभर बागेत शेकोट्या."
हसून घे, बाई.
मी माकडटोपी कानांवर ओढते,
डाव्या बुटाला दोन गाठी मारते (तो सुटतो),
आणि जिना उतरते.
खाली वॉचमन टायरच्या तुकड्यावर
हात शेकत बसलेला.

इथली थंडी गोठवत नाही.
ती बसते.
पातेल्यावर झाकण ठेवावं तसं आभाळ,
आणि आत कालचं सगळं :
डंपरचा धूर, बंदरातली कोळशाची भुकटी,
पाडलेल्या चाळींचा साठ वर्षं जुना चुना,
वॉचमनचा टायरसुद्धा.
दिव्याखाली पाहिलं तर दिसते
हवा.
हवा दिसू नये खरं तर.

मोबाइल म्हणतो : अतिशय वाईट.
घराबाहेरचा व्यायाम टाळावा.

'टाळावा' माझ्या ओळखीचा आहे.
बाविसाव्या वर्षी केसपेपरवर भेटला होता :
दगदग टाळावी, गर्दी टाळावी,
विवाह तूर्तास टाळावा.
माणसांनी मला टाळावं, असं मात्र
कुठल्याच डॉक्टरनं लिहिलं नव्हतं.
ते त्यांचं त्यांनीच केलं.

पहिला किलोमीटर नेहमी खोटा असतो.
छातीत कुणीतरी गोणपाट घासतं,
नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी,
गुडघे म्हणतात, बावन्न, बावन्न, बावन्न.
ट्रेलर अंगावरून गेल्यासारखा जातो
आणि त्याच्या मागच्या पोकळीत
मी दहा पावलं फुकट धावते.

मग ती भिंत येते. टीबी हॉस्पिटलची.
आत, त्या वर्षी, मी अकरा नंबर.
बारा नंबरच्या मेहरुन्निसानं शिकवलं :
चार आकडे आत, सहा बाहेर,
"और बीच में थोड़ा उधार रख."
सात महिने आम्ही छताकडे बघत
एकमेकींचे श्वास मोजले.
मार्चमध्ये मला घरी सोडलं.
तिच्या खाटेवर तेव्हा
नवी चादर होती.

चार आत, सहा बाहेर.
अजून तेच गणित, तेच उधार.
तीस वर्षांत फेडलेलं नाही.

व्हरांड्यात एक पोरगी असते हल्ली,
शाल, तोंडाला मास्क, वेणी अर्धीच घातलेली.
झोप येत नाही म्हणून पहाटेपासून
रस्ता बघत बसते.
आज कठड्याशी येऊन ओरडली,
ओरडली म्हणजे, जेवढं जमतं तेवढं :
"काल का नाही आलात?"

सांगता आलं असतं, पाहुणे होते.
"काल घाबरले," म्हणाले.
"कशाला?"
मी हातानं भोवतालचं सगळं दाखवलं.
तिनं मान डोलावली,
जसं काही मी तिला
तिच्याच गावचं नाव सांगितलं.

पुढे जेट्टीपर्यंत गेले.
समुद्र नव्हता. पूल नव्हता.
रोहित पक्षी असतील, आवाज येत होता
चिखलातून, ओल्या दारासारखा.
वाकले, खोकले, थुंकले,
आणि सवयीनं पाहिलं :
राखाडी. नुसतं राखाडी.
लाल नाही.
बुटानं माती लोटली त्यावर.

परतीच्या वाटेवर ती तिथेच होती.
"तेहतीस ट्रेलर," तिनं सांगितलं,
"दोन ॲम्ब्युलन्स, एक घोडा,
आणि तुम्ही दोनदा."
मग धाप लागली तिला. कठडा धरला.
मी जागच्या जागी धावत राहिले,
थांबले असते तर पाय आखडले असते,
आणि बोटांनी दाखवलं :
चार आत.
सहा बाहेर.
तिनं सुरू केलं.

घोडा?
या धुरात घोडा कुठून आला असेल,
ते मात्र विचारायचं राहिलं.